शेजारीण विचारते

ता. ४ फेब्रुवारी

ती. आक्कास,
बारक्याचा शि. सा. न. वि. वि.

पत्राला एवढा उशीर झाला म्हणून आधी कान धरतो, मग खुशाली लिहितो. तुझं पत्र केव्हाच आलं होतं. लिफ्टची भीती गेली का, असं तू विचारलं होतंस. 'नाही' एवढंच उत्तर लिहायचं होतं, पण तेवढ्याचीच लाज वाटत होती, म्हणून रोज उद्यावर ढकललं. फोन का करत नाही ते तुला ठाऊक आहे. आमच्याकडे फोन आला की सूनबाई तो स्पीकरवर लावते आणि सगळं घर कान देऊन बसतं.

आता लिहायला कारण झालंय. मी न्हाणीघराचं दार बंद करत नाही, मधे स्टूल घालून आंघोळ करतो, हे तू जाणतेस. मागे व्याही-विहीणबाई आले होते. कुणीतरी व्यवस्थितपणा दाखवून ते स्टूल उचललं आणि दार ओढून घेतलं. डोळ्यांत साबण, दार बंद! पुढचं मला नीट आठवत नाही. एवढंच आठवतं की मी टॉवेल गुंडाळून दिवाणखान्याच्या मधोमध उभा होतो आणि व्याही कप हातात धरून भिंतीकडे बघत होते. दुसऱ्याच दिवशी सूनबाई मला एका डॉक्टरबाईकडे घेऊन गेली.

ही बाई गोळ्या देत नाही. डोळे हलवायला लावते. मनात बसलेली धास्ती त्याने सुटते म्हणे. माझा जीव टांगणीला. मला वाटलं भुरळ घालून गुपितं काढणार. जन्मभर कुलपं दुरुस्त केली, कुणाची तिजोरी कशाने उघडते ते सगळं पोटात आहे. तोंडातून गेलं तर? बाई म्हणाली, झोपवणार नाही, तुम्ही टक्क जागे राहणार, नको वाटलं की हात वर करायचा, मी थांबेन. आठवण पुसली जाणार नाही, तिचे दात तेवढे पडतील. मी म्हणालो, माझे तर पडलेच आहेत.

पहिल्या खेपेला डोळे हलवायची वेळच आली नाही. नुसती चौकशी. मी मात्र नापास होऊ नये म्हणून आधीच चष्म्याचा नंबर तपासून घेतला होता. शेवटी बाईने डोळे मिटून एखादी सुरक्षित जागा मनात आणायला सांगितलं. मी बँकेच्या तिजोरीची खोली आणली. त्याहून सुरक्षित काय असणार? पण ती आतून बंद झाली आणि मला घाम फुटला. मग माझं दुकान आणलं, शटर वर केलेलं. तेव्हा बरं वाटलं.

लोभ आहेच, त्याला गंज चढू देऊ नये.

तुझा
बारक्या

ता. १२ फेब्रुवारी

चि. बारक्यास,
आक्काचे अनेक आशीर्वाद, आणि सोबत एक धपाटा.

व्याह्यांना दर्शन दिलंस ते वाचून इतकी हसले की लेक आतून धावत आली. अरे, जगाची दारं उघडणारा तू, आणि न्हाणीघराच्या कडीला भितोस? बाजारात कळलं तर गिऱ्हाईक फिरकायचं नाही.

माझं कपाट अजून बंद आहे, आठवण आहे ना? त्याचंच कुलूप काढायला तू निघाला होतास. आठव्या आणि नवव्या मजल्याच्या मधे लिफ्ट अडकली, जरा खाली घसरली, दिवे गेले. तुला आठव्यावर ओढून काढलं, तर एक मजला वर चढून बहिणीला तोंड दाखवायचं सोडून तू जिन्याने उतरलास आणि तडक घर गाठलंस. दोन वर्षं झाली. माझी लोकरीची शाल त्या कपाटात, मी बाहेर कुडकुडते. लेक म्हणते, दुसरा किल्लीवाला बोलावू. मी म्हणते, माझा भाऊ जिवंत असताना परक्याने माझ्या कुलपाला हात लावायचा नाही.

मीच आले असते, पण गुडघे. तू वर येईनास, मला खाली उतरवेना. गेल्या वर्षी तू फाटकाशी उभा राहिलास आणि मी गॅलरीतून टॉवेल हलवला, तेवढीच आपली भेट. नवव्या मजल्यावरून तुझं टक्कल तेवढं दिसलं. तब्येत बरी वाटली.

एक काम आहे. इथे शेजारी एक बाई आहे, माझ्याच वयाची, जरा घाबरट. तिच्याही मनात काहीतरी बसलंय. तुझ्या डोळ्यांच्या उपचारात नेमकं काय करतात, दुखतं का, रडू येतं का, सगळं सविस्तर लिही. ती बिचारी रोज विचारते. मला काय, मी वाचून दाखवेन.

आहे तो लोभ आहे, उगाच वाढवून मागू नये.

तुझी
आक्का

ता. २६ फेब्रुवारी

ती. आक्कास,
शि. सा. न., आणि धपाटा पोचला.

शेजारणीला सांग, दुखत नाही. रडू मात्र येतं, कधी येईल त्याचा नेम नाही. रुमाल न्यायला नको, बाईकडे कागदी रुमालांचा डबा असतो.

बाई खुर्ची घेऊन जरा बाजूला बसते. आधी विचारते, त्या दिवसातलं सगळ्यात वाईट चित्र कोणतं. मला वाटलं, मी अंधार म्हणेन, घसरणं म्हणेन. पण तोंडातून भलतंच निघालं. मी म्हणालो, दाराला आतून किल्लीचं भोक नव्हतं. अंधारात हात फिरवला तर सगळं गुळगुळीत. पिशवीत सगळी हत्यारं, आणि एकही लावायला जागा नाही. ते बघताना स्वतःबद्दल काय वाटतं, असं तिने विचारलं. मी म्हणालो, मी निकामी माणूस. त्याऐवजी काय वाटायला हवं? म्हणालो, मला बाहेर पडता येतं. हे आत्ता खरं वाटतं का? म्हणालो, बाई, खरं वाटत असतं तर तुमच्या दारात कशाला आलो असतो?

मग घोटाळा झाला. बाई म्हणाली, या घडीला किती त्रास होतो ते शून्य ते दहामध्ये सांगा. आक्का, शाळेत मी दहापैकी तीनच्या वर कधी गेलो नाही. आज पहिल्यांदा कुणी मलाच विचारून गुण देत होतं. छाती काढून दहा म्हणालो. बाईने दोन बोटं माझ्या डोळ्यांसमोर धरली, डावीकडून उजवीकडे, पुन्हा डावीकडे. मान हलवायची नाही, नुसत्या नजरेने बोटांच्या मागे जायचं. थांबली की लांब श्वास घ्यायचा आणि मनात काय आलं ते सांगायचं. चित्र येवो की भलतं काही, जे येईल ते. मला तुझ्या कपाटाचं कुलूप आलं. बाई म्हणाली, चालेल, तिथूनच पुढे जा.

मधूनमधून ती आकडा विचारे आणि मी खुशीत दहाच सांगे. हातचे गुण कोण सोडतं? बाई काळजीत पडली. पाणी दिलं, डबा पुढे सरकवला, शेवटी सूनबाईला आत बोलावलं. तिने क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि बाईला म्हणाली, बाबांना वाटतंय परीक्षा आहे. तेव्हा उलगडा झाला की इथे आकडा उतरायला हवा. आयुष्यात पहिल्यांदा असा विषय भेटला की ज्यात शून्याला मान आहे! खरं सांगायचं तर तेव्हा आठ असतील.

शेजारणीला हेही सांग की नंतर थकवा येतो. दोन दिवस अंग जड होतं, स्वप्नं उलटीसुलटी पडली. बाईने आधीच बजावलं होतं, म्हणून घाबरलो नाही. म्हणजे घाबरलो, पण कमी. बोटांमागे नजर फिरवून कुणाचे डोळे दुखले तर बाई दोन्ही हातांवर आळीपाळीने टिचक्या मारते, तेही चालतं. आणि एका बैठकीत काम होत नाही. जुनं कुलूप आहे, तेल मुरायला वेळ लागतो.

पण शेजारणीला झालंय तरी काय? ते लिहिलं नाहीस.

लोभाला तेलपाणी चालू ठेवावं.

तुझा
बारक्या

ता. ६ मार्च

चि. बारक्यास,
अनेक आशीर्वाद.

शून्य मिळवायचं तर तुझ्याइतका तयारीचा विद्यार्थी बाईला शोधून सापडला नसता. सूनबाई हुशार आहे, तिला माझा आशीर्वाद वेगळा सांग.

शेजारणीला तुझं पत्र वाचून दाखवलं. तिने दोनदा वाचायला लावलं. तिचं असं आहे की ती स्वतः कुठे अडकली नव्हती. ती नुसती बाहेर बसली होती, आत तिचं माणूस होतं. तर बाहेर बसलेल्याला हा उपचार चालतो का, की आत अडकलेल्यालाच? आणि दुसरं. आतलं माणूस ओरडत होतं तोवर ती धीराने होती. मग ते एकदम गप्प झालं. हाका मारून घसा बसला, तरी ओ नाही. पुढे सगळं नीट झालं, माणूस सुखरूप निघालं, पण ते गप्प होणं तिच्या कानातून जात नाही. घंटी वाजली की तिला ते पुन्हा ऐकू येतं म्हणते. गप्प होणं कुठे ऐकू येतं का? वेडीच आहे. तरी तू बाईला विचार. माझं नाव मधे आणू नकोस, माझा त्यात काही संबंध नाही.

माझे गुडघे तसेच. लेक म्हणते, खाली बागेत चल, ऊन छान पडलंय. मी म्हणते, गॅलरीतही तेच ऊन आहे.

कमीजास्त बोलले असेन तर लोभातून वळतं करून घे.

तुझी
आक्का

ता. २१ मार्च

ती. आक्कास,
शि. सा. न. या खेपेला नमस्कार जरा जास्तच वाकून घातला आहे.

तुझं पत्र खिशात घेऊन बाईकडे गेलो आणि आधी शेजारणीचं विचारलं. बाई म्हणाली, चालतो, बाहेर बसलेल्यालाही चालतो. ज्याने नुसतं पाहिलं किंवा ऐकलं, त्याच्याही मनात ते अडकून बसतं.

मग माझी पाळी. तेच दार, तोच गुळगुळीतपणा. बोटं फिरत होती. आणि एकाएकी वरून आवाज आला. तुझा! दाराच्या फटीला तोंड लावून तू मला झापत होतीस. बारक्या, साखरेचा डबा कुणी संपवला सांग. बारक्या, मास्तरांची छत्री विहिरीत कुणी टाकली? माझे बालपणापासूनचे सगळे गुन्हे तू साऱ्या इमारतीला ऐकवत होतीस, आणि मी आतून ओरडून एकेक नाकबूल करत होतो. दोन वर्षं मला नुसता अंधार आठवत होता. हा आवाज कुठे गेला होता? मी बाईसमोर हसत सुटलो, डोळ्यांतून पाणी वाहतंय आणि मी हसतोय. बाई म्हणाली, थांबवू नका, येऊ दे.

पुढचं आलं ते लिहितो, पण पत्र लेकीच्या हाती देऊ नकोस. छत्रीनंतर तू ओरडलीस की नऊ वर्षांचा घोडा झाला तरी अंथरूण ओलं करत होतास. आक्का! आठव्या मजल्यावर माणसं जमली होती. त्यातला एकजण फिसकन हसला, ते मला आत ऐकू आलं. तिथून मी गप्प झालो. तू हाका मारत राहिलीस, मी ओ दिली नाही. बेशुद्ध पडलो नव्हतो गं. रुसलो होतो. लटकत्या पेटीत, मिट्ट अंधारात, हत्यारांच्या पिशवीवर गाल फुगवून बसलो होतो. म्हणजे तुझं औषध लागू पडलं होतं. तेवढा वेळ मला भीती वाटली नाही, नुसता राग आला होता. तुला तोंड न दाखवता जिना उतरलो तोही त्याच फुगाऱ्यात. भीतीने नंतर, बसमध्ये गाठलं.

बाई म्हणते, आठवणीत मागाहून काय मिसळतं ते तिला सांगता येणार नाही, तिथे जे हजर होतं त्यालाच विचारा. म्हणून तुला विचारतो. तू हे खरंच बोललीस का? बोलली असशील तर शेजारणीला जाऊन सांग की तिचं माणूस गेलं नव्हतं, फुरंगटलं होतं.

आता शेजारणीचं. एक कुलूप निघालं की बाजूचंही खिळखिळं होतं. परतताना मनात आलं, जिन्याला गुडघे लागतात हे कबूल, पण लिफ्टला गुडघे कशाला लागतात? दोन वर्षं तू गुडघे गुडघे म्हणतेस आणि मी, सूनबाई, तुझी लेक, सगळे माना डोलावतो. अडकलो मी, आणि कडी तू लावून बसलीस होय?

माझा आकडा आता दोनवर आहे. शून्य नाही, खोटं कशाला सांगू. बाईच्या शेजारच्या इमारतीत लिफ्ट आहे. आधी नुसता उंबऱ्याशी उभा राहून आलो, मग आत जाऊन आलो, आणि काल सूनबाईसोबत पाचव्या मजल्यापर्यंत गेलो. पिशवी पोटाशी धरली होती. परतताना जिन्याकडे नजर गेली. पण लिफ्टनेच उतरलो.

पुढच्या महिन्यातल्या पहिल्या रविवारी सकाळी तुझ्याकडे येतो. लिफ्टने. तू तशीच लिफ्टच्या दाराशी खुर्ची घेऊन बस आणि बोलत राहा. साखर काढ, छत्री काढ, अंथरूण सोडून काहीही काढ. नाहीतर अंथरूणही काढ. मी मजल्यामजल्याला ओ देईन, एकही मजला गप्प राहणार नाही. वर आलो की आधी कपाट उघडतो. तू शाल घे, शेजारणीला चपला घालायला सांग, मग आपण तिघं मिळून खाली बागेत जाऊ. तुमच्या लिफ्टमध्ये चौघांची सोय आहे, आणि शेजारीण काही वेगळी जागा अडवेल असं मला वाटत नाही. बाईकडे तिच्यासाठी वेळ मागून ठेवली आहे.

लोभाची किल्ली तुझ्याकडेच आहे, ती हरवू नये. शेजारीण येते की नाही आणि अंथरुणाचं तू बोलली होतीस की नाही, या दोन्हींचं उत्तर आल्याशिवाय माझा पाय घरातून निघायचा नाही. तेव्हा लवकर कळव, अगदी उलट टपालीच कळव. पण पत्रानेच. फोन नको. अंथरुणाचं सूनबाईला अजून ठाऊक नाही.

तुझा
बारक्या