हनीफचाचा आणि पऱ्हाटीचा लगदा

३ फेब्रु.
तिसरा ताव पण तडकला. कापूस वेचून उरलेली पऱ्हाटीची झाडं शिजवली, धुतली, मिक्सरमधून लगदा काढला, पसरला. वाळला की भेगा. रोपवाटिकेसाठी याचेच पेले करायचेत, प्लॅस्टिक पिशव्यांऐवजी. माझे गाईड सर म्हणाले, "बाजारचा गोंद घाल, मोकळी हो." तो गोंद म्हणजे प्लॅस्टिकच. मग पीएच.डी. कशावर करतेय मी?

५ फेब्रु.
आमच्या कॉलेजात, अमरावतीला, लायब्ररीची जुनी पुस्तकं बांधायला अचलपूरचे हनीफचाचा आलेत. टेबलावरचा माझा तडकलेला ताव त्यांनी उचलला, फाडला, फाटलेली कड उजेडात धरली.
"बेटा, मिक्सरमधी कापून राहिली का? रेशा तुटला तं कोणाले धरन? कुट याले."
रागच आला. जेवताना मात्र तेच डोक्यात: रेशा, म्हणजे तंतूच तुटला, तर धरणार कोणाला?

९ फेब्रु.
एस.टी.ने अचलपूर. पुस्तकांच्या डागडुजीचा कागद चाचा दुकानात स्वतःच बनवतात; तिथे लाकडी मोगरीने आळीपाळीने कुटलं. माझे हात वीस मिनिटांत गेले. चाचा सत्तरीचे, गप्पा मारत कुटत होते. मध्येच लगदा बोटांत घेऊन थांबायचे. "अजून नाही." कसं कळतं? "हाताले कळते." ताव वाळवायला पंखाही लावू दिला नाही. फळ्यांत दाबून, सावलीत.

१३ फेब्रु.
एकही भेग नाही!! मायक्रोस्कोपखाली पाहिलं: रेशांची टोकं पिंजलेली, एकमेकांत गुंतलेली. हे मी पुस्तकात वाचलंय, परीक्षेत लिहिलंय, आणि तरी मिक्सर...
चाचांना दाखवलं. डोळा काढेनात. "सारी उमर हाताखाली हेच होतं. दिसलं आज."

२ मार्च
बार्शीटाकळी. रोपवाटिकेच्या ताईंनी या कुटलेल्या लगद्याच्या पेल्यांत मिरची लावून आठ दिवस झाले, रोज पाणी. पेले उभे. ताई म्हणाल्या, "अजून पाठवजा." मातीत कुजतात का, ते अजून बघायचंय.

१० मार्च
पेपर लिहून झाला. सर म्हणतात, "त्यांचं नाव आभारात टाक." मला चाचांचं नाव लेखकांत हवंय, माझ्यानंतर लगेच. चाचांना फोन केला. वाटलं, नको म्हणतील.
"पुरं लिव. शेख हनीफ शेख करीम. बापाचं सोडू नको."
वाचून दाखवायला लावलं. दोनदा.

११ मार्च
तसंच लिहून सरांना पाठवलं. दुपारी उत्तर: "उद्या सकाळी ११ वाजता भेट." एवढंच.
उद्या न्यायला पेपरची प्रिंट काढून ठेवलीय. चाचांचं नाव खोडलेलं नाही.