दाराचं माप

१२ मार्च

ती. स्व. दादास,

नमस्कार. इकडे आम्ही दोघं ठीक आहोत. तुझा गुडघा आता बरा आहे असं ठकी फोनवर हिला म्हणाली, तेव्हा मलाही कळलं. तुझ्या लेकीचे आणि माझ्या बायकोचे महिन्यातून दोनदा फोन होतात आणि त्यात आपली दोघांची खबरबात इकडून तिकडे जाते. हे मला माहीत आहे, हे त्या दोघींना माहीत नाही.

आठ वर्षांनी पत्र आलं म्हणून दचकू नकोस. कुणी आजारी नाही. मला एक सोफा करायचाय आणि त्याबद्दल विचारायचंय, एवढंच.

आपलं दुकान बंद करून दोन वर्षं झाली. हत्यारं घरामागच्या शेडमध्ये आणून ठेवली. पहिले सहा महिने मी घरातली प्रत्येक खुर्ची उलटी करून पाहिली. शेवटी ही म्हणाली, "अहो, आता माझेही पाय बघून घ्या डुगडुगतात का, म्हणजे सगळं घर झालं." मग गेल्या महिन्यात शाळेतून निवृत्त झाली आणि तिसऱ्याच दिवशी, मला न विचारता, एक जुना ट्रेलर घेऊन आली. गाडीच्या मागे जोडून ओढायचं चाकांवरचं घर असतं ना, ते. आत एका टोकाला पलंग, मध्ये ओटा, शेगडी, कपडे टांगायला एक फळी. ओट्यासमोरची भिंत मोकळी. पूर्वी तिथे काय होतं कोण जाणे, चार स्क्रूंची भोकं तेवढी राहिलीत.

"इथे सोफा करा," ती म्हणाली. "दिवसा बसायला, रात्री ओढला की झोपायला."

"पलंग आहे की आपल्याला."

"सोबत कुणी आलं तर?"

"कोण येणारे?"

"बघू," ती म्हणाली. तिचं 'बघू' म्हणजे काय ते तुला ठाऊक आहे. ठरलेलं असतं.

भिंतीवर तिने नकाशा लावलाय. त्यावर पेन्सिलीने ठिपके काढलेत, आणि पहिला ठिपका तुझ्या गावावर आहे. तो मी काढलेला नाही. मी खोडलाही नाही.

तर सोफा. सांगाडा हलक्या लाकडाचा करतोय, कारण ट्रेलरमध्ये प्रत्येक किलो गाडीला ओढावा लागतो. बसण्याच्या जागी फळी न टाकता पट्ट्या टाकणार. एकाआड एक पट्टी मागच्या चौकटीला पक्की आणि मधल्या सगळ्या पुढच्या चौकटीला. पुढची चौकट ओढली की अर्ध्या पट्ट्या तिच्याबरोबर बाहेर येतात, दोन हातांची बोटं एकमेकांत अडकवून हळूहळू सोडवावीत तशा. पाठीची गादी खाली अंथरली की बिछाना तयार. मापं अशी: ट्रेलरची आतली रुंदी सहा फूट दहा, उंची सहा फूट चार. भिंतीलगत चाकावरचा फुगवटा आहे, नऊ इंच वर येतो, त्यासाठी मागची चौकट कापलीय. सोफा बंद असताना खोली अठ्ठावीस इंच, उघडल्यावर अठ्ठेचाळीस. पाठीची उंची तीस. लांबी सव्वासहा फूट.

लांबीवरून शेजारच्या वेल्डरने मला छेडलं. "काका, तुम्ही साडेपाच फूट, काकू पाच फूट. सव्वासहा फुटांवर झोपणार कोण, जिराफ?" मी ऐकू न आल्यासारखं केलं. वयाचा तेवढा एक फायदा आहे.

माझा प्रश्न: पट्ट्यांमध्ये जागा किती सोडू, एक सूत की दीड?

ही आत्ता खांद्यावरून वाचून हसली. म्हणाली, "चाळीस वर्षं लाकूड कापताय, आणि हे विचारायला पत्र?" तिला म्हटलं, ट्रेलरचं काम पहिल्यांदाच करतोय, दादाला विचारलेलं बरं.

तुझा मापाचा टेप माझ्याकडेच आहे. पेटीत ठेवलाय, वापरत नाही. त्या दिवसाबद्दल लिहायला आज बसलेलो नाही, तेव्हा ते राहू दे. गुडघ्याला जप. ठकीला आशीर्वाद.

तुझा
धाकटा


२० मार्च

दीड सूत. लाकूड ओल धरतं, एक सूत ठेवलंस तर चार महिन्यांत पट्ट्या अडकतील.

सगळी मापं लिहिलीस. दाराचं लिहिलं नाहीस.


२९ मार्च

ती. स्व. दादास,

नमस्कार. तुझं कार्ड बावीस तारखेला पोचलं. सोफा एकवीसला अडकला.

तुझ्या कार्डावर मायना नाही, आशीर्वाद नाही, खाली सहीसुद्धा नाही. अडीच ओळी. तरी ते मी चार दिवस खिशात घेऊन फिरलो. ही म्हणाली, "शर्ट धुवायला टाकताना काढून ठेवत जा, भिजेल."

काय झालं ते सांगतो. सांगाडा मी शेडमध्येच जोडला, कारण ट्रेलरमध्ये करवत धरून कोपर हलवायलाही जागा नाही. खाचा पाडल्या, सरस भरला, शिकंजे लावून दोन दिवस ठेवला. जन्मात सुटणार नाही असा पक्का. सोफा असा झाला होता दादा, की मी हिला बोलावून पाच वेळा ओढून दाखवला. एका बोटाने बाहेर येत होता. मग वेल्डर आणि त्याचा मेहुणा आले, तिघांनी उचलला आणि ट्रेलरपाशी नेला.

दार तेवीस इंच.

आडवा घातला, उभा केला, तिरका केला, पाय आधी घातले, पाठ आधी घातली. वेल्डर म्हणाला, "काकू, असं करू. मी सोफ्यालाच चाकं लावून देतो आणि पुढे हुक जोडतो. ट्रेलर राहू द्या इथेच." त्याचा मेहुणा हसला. मी हसलो नाही. सोफा अंगणात टेकवला आणि त्या दाराकडे बघत राहिलो.

चौतीस वर्षांत मी एक दार मोजलेलं नाही, दादा. गिऱ्हाईकाच्या घरी तू जायचास. तुझ्या मापाच्या वहीत प्रत्येक पानावर डाव्या कोपऱ्यात आधी दार, त्याखाली जिन्याचं वळण, आणि मग बाकीचं. तो कोपरा मी कधी वाचलाच नाही. मी खालच्या मापांवर जायचो आणि काम सुरू करायचो. तू गेल्यावर गिऱ्हाईकंच मापं लिहून आणायची. वस्तू घरात जायची. ती आपोआप जाते असंच मला वाटत आलं होतं.

मला खात्री होती की आता कुणीतरी काहीतरी बोलणार. म्हातारा झालास, डोकं चालत नाही, एवढं कळू नये. कान तयार करून बसलो होतो. पण ही आली, त्याच सोफ्यावर माझ्या शेजारी बसली आणि म्हणाली, "पाणी आणू का?" वेल्डर म्हणाला, "काका, होतं असं." झालं. एवढंच.

मला कुणी काही बोललं नाही, आणि तेच मला सहन होईना. हे पत्र तिथून सुरू झालं.

त्या दिवशी वकीलबाईंचं पुस्तकांचं कपाट जिन्याच्या वळणात अडकलं, तेव्हा मी तुला काय म्हणालो ते तुझ्याइतकंच मला पाठ आहे. चार हमाल, वकीलबाई आणि त्यांचे वडील उभे असताना म्हणालो, "डोळे गेले असतील तर घरी बस. टेप धरायच्याही लायकीचा राहिला नाहीस." तू टेप पायरीवर ठेवलास आणि खाली निघून गेलास. महिन्याभरात ठकीकडे राहायला गेलास. लोक विचारायचे तेव्हा मी सांगायचो, दादाचं माप चुकलं, मनाला लावून घेतलं त्याने.

हे तुला माहीत असलेलं झालं. आता माहीत नसलेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानात गेल्या गेल्या मी तुझी वही उघडली. तू कसा चुकलास ते डोळ्यांनी बघायचं होतं. पानावर लिहिलं होतं: कपाटाची उंची सात फूट चार, वर काही नको. 'वर काही नको'खाली दोन रेघा. कपाटाला वर दोन इंचांची नक्षीची पट्टी होती. ती मी लावली होती. कपाट वरून बोडकं दिसत होतं, म्हणून माझ्या मनाने. कपाट परत आणवलं, दुकानाचं दार लावून पट्टी कापली आणि संध्याकाळी पोचवलं. जिन्यातून सरळ गेलं. वकीलबाईंना सांगितलं, माप दुरुस्त केलं.

तुझं माप बरोबर होतं. मला ते दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजल्यापासून माहीत आहे.

आधी वाटलं, आठवड्याने सांगू, तुझा राग निवळला की. मग तू गेलास. मग वाटलं, आता सांगितलं तर इतके दिवस का नाही, असं विचारशील. पुढे त्याला महिना झाला, वर्ष झालं, आणि प्रत्येक वर्षी सांगणं आणखी अवघड. वहीतलं पान फाडायचं दोनदा मनात आलं. फाडलं नाही. माझ्या बाजूने सांगण्यासारखं तेवढंच आहे, आणि ते फार नाही हे मलाही कळतं.

परवा हिला सांगितलं. तिने चिरायला घेतलेली भाजी बाजूला सारली. मग म्हणाली, "आणि हे मनात ठेवून तुम्ही रोज जेवत होता?"

सोफ्याचं म्हणशील तर तीन तुकडे केले. स्वतःच जोडलेले सांधे स्वतःच करवतीने कापले. आत नेऊन बोल्टने आवळले. आता दिसायला थोडा ओबडधोबड आहे, पण उघडतो छान. पट्ट्या काढून पुन्हा बसवल्या, तू म्हणालास तसं दीड सूत ठेवलंय. खालच्या कप्प्यात तुझी वही आणि टेप ठेवलाय.

सव्वासहा फूट कुणासाठी, ते तू पहिल्या पत्रातच ओळखलं असशील.

आम्ही अठरा एप्रिलला निघतोय. तुझ्या घरात पाऊल ठेवायला मी काही तोंड ठेवलेलं नाही. तू हो म्हणालास तर फाटकाच्या आत ट्रेलर लावू, आमच्याच शेगडीवर चहा करू, आणि तुला वाटलं तर तू बाहेर ये. नाही वाटलं तर सकाळी निघून जाऊ. मला लांबलचक उत्तर नको. ट्रेलरची बाहेरची रुंदी सात फूट दोन इंच आहे. फाटकाचं माप कळव. माप आलं तर येतो. नाही आलं तर समजेन, आणि हिच्या नकाशावरचा पहिला ठिपका मी स्वतः खोडेन.

या वेळी आधी विचारतोय.

चुकलेला,
तुझा धाकटा


७ एप्रिल

चि. धाकट्यास,

अनेक आशीर्वाद. पत्र पोचलं. दोनदा वाचलं. डोळे पूर्वी होते तसेच आहेत.

कपाट जिन्यात अडकलं तेव्हा टेप माझ्या हातात होता. तुझं तोंड सुटायच्या आधीच मी ते मोजलं होतं. सात फूट सहा. तू वर नक्षी चढवलीस हे मला तिथे पायरीवरच कळलं. लोक उभे होते. त्यांच्यादेखत तुला खोटं पाडायचं नव्हतं, म्हणून निघून गेलो. वाटलं, घरी येऊन सांगशील. पहिलं वर्षभर रोज वाटायचं.

राग आहे. तो पत्रात मावण्यातला नाही. समोर बस, मग काढतो. तुझ्या बायकोला सांग, त्या वेळी तिने मध्ये पडायचं नाही.

फाटक आठ फूट चार. पण नुसत्या फाटकावर जाऊ नकोस. रस्त्यावरून वळताना उजव्या हाताला विजेचा खांब आहे आणि तिथे सात फूट अकराच मिळतात. ट्रेलर मागून आत घ्यावा लागेल. मी खांबाशी उभा राहीन. हात दाखवीन तसा घे, तुझ्या मनाने दोन इंचही वाढवू नकोस.

लांबी जास्त झाली. काल ठकीने भिंतीला उभं करून मोजलं, मी आता पाच फूट अकराच भरतो. वर चार इंच उरतात, त्यात उशी बसेल. माझी घेऊन येतो, तुझ्याकडच्या कायम दगडासारख्या असतात.

टेप आण.

तुझा
दादा