गार चिखल

रविवार, संध्याकाळ. लालबाग

दादाबरोबर पनवेलपलीकडच्या तळ्यावर गेले होते. उथळ, सपाट पाणी. मासा कुठे असेल, कळायला एक खूण नाही. दादा अनवाणी आत चालत जातो आणि पायाला चिखल गार लागला, म्हणजे खाली झरा असला, की तिथेच गळ टाकतो; मासे तिथे जमतात. बाबांनी शिकवलेलं. आज तो थांबेचना. पाणी कमरेवर आलं.

"दादा, बस की आता!"

"गप गं, अजून गार कुठे लागलंय?"

मी त्याच्याशेजारी गेले. चिखलात माझे तळपाय गारठून गेले. डायबेटिसने त्याचे पाय बधिर झालेत...? कधीपासून? वहिनीला कसं सांगू?

घरी आल्यावर तिने त्याला पाय धुवायला पाणी काढलं. मी आधी हात घातला. चटका बसला.

"आण इकडे," दादा म्हणाला, "मला चालतं."