परत फिरलेल्या होड्या

रत्नागिरी बंदर, ता. २० जानेवारी १९४९

तीर्थरूप कारभारीदादास, धाकट्या छगनचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

मी खुशाल आहे. मुंबईहून शर्यतीत निघालेली आमची शिडाची यॉट इथं पोचली. आता उलट मुंबईकडं. जी होडी आधी पोचेल तिचा मान. आम्ही सध्या दुसरे आहोत. होडीवर मालक होर्मसजी शेट, त्यांचे एक डॉक्टर मित्र, आपल्या बाबाजानचाचांचा दाऊद आणि मी. जागा आपल्या ओसरीएवढी. झोपायच्या फळ्या दोनच, त्याही ओल्या, म्हणून पाळीपाळीनं पडतो. स्टोव्ह दोऱ्यांनी टांगलाय, तरी निम्मा भात माझ्या अंगावर. पहिले दिवस पोटातलं सगळं दर्याला वाहिलं. दाऊद म्हणाला, विहिरीत पोहायला शिकलेल्यांचं असंच होतं. मी म्हटलं, तू तरी कुठं शिकलास?

शेट आता सुकाणू माझ्या हाती देतात. वारा हाताला कळतो दादा, औताच्या रुमण्यातून जमीन कळते तसा. आईला सांग, इथल्या पाण्याला कड नाही, पण भीती वाटत नाही. मढीच्या यात्रेला येतोच.

वहिनींना नमस्कार. माया आहे ती राहू द्यावी.

तुझा छगन

---

तिसगाव, ता. २४ जानेवारी १९४९

चि. छगन यास अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. आईला दोनदा वाचून दाखवलं. ती म्हणती, पान्याला कड न्हाई म्हंजे कसं, कुठंतरी बांध असंलच की. हुरडा ऐन भरात आहे, तुझ्या वाटणीचा तुझी पुतणी पुष्पावती खाती आणि तुझं नाव घेती. काष्टीचं एक स्थळ आलंय. मुलीचा बाप विचारत होता, जावई होडीतनं माणसं नेतो का माल? मी म्हणालो, काहीच न्हेत न्हाई, नुसता पळवतो. गडी विचारात पडलाय. यात्रेला ये, म्हणजे मुलगी पाहू.

नंबर आला तर कळव, आई गूळ वाटणार आहे. जिवाला जप, आमचा जीव तुझ्यात आहे.

तुझा दादा

---

मुंबई, ता. २९ जानेवारी १९४९

कारभारीभाऊंना दाऊदचा सलाम.

भाऊ, हे आधी एकट्यानं वाचा. आपला छगन गेला.

बावीस तारखेला उजाडताना हर्णैच्या बाहेर वारा एकदम उठला. छगन पुढचं शीड उतरवायला गेला. मोठी लाट होडीवरून गेली, पाणी ओसरलं तेव्हा तो तिथं नव्हता. एकदा त्याचा हात दिसला. शेटनी तरंगतं कडं फेकलं, होडी वळवली, पण वळेपर्यंत नुसता फेस.

शेट भोंगा वाजवत राहिले. पुढची होडी जिंकायच्या बेतात होती, ती फिरली. मग मागच्या एकेक आल्या. हर्णैचे कोळीही आले. दोन दिवस सगळ्या ओळ धरून पाणी धुंडाळत होत्या. शर्यत तिथंच मोडली. पुढं कुणीच गेलं नाही. हाती काही लागलं नाही, म्हणून तार करायला हात उठेना.

तुमचं पत्र आलंय. मीच फोडलं, माफ करा. शेट छगनच्या आईला, चाचींना, भेटायला यायचं म्हणतात. मला मात्र गावात तोंड दाखवायचा धीर होत नाही.

दुवेत ठेवा.

दाऊद

---

तिसगाव, ता. ८ फेब्रुवारी १९४९

चि. दाऊद यास आशीर्वाद.

आईला सांगितलं. रडली न्हाई, दिवसभर खळ्यात बसून राहिली. देह न्हाई म्हणून दर्भाचा पुतळा करून अग्नी दिला. तुझ्या अब्बांनी, बाबाजानचाचांनी, त्याला खांदा दिला. एवढासा पुतळा, पण म्हातारा माणूस वाकून चालत होता.

तू शेटना घेऊन ये. तोंड दाखवायचं काय म्हणतोस? आईला तुझंच तोंड पाहायचंय. छगनचं शेवटचं तू पाहिलंस, ते तिला तुझ्याकडून ऐकायचंय.

रोज दिवस मावळला की ती तुझं पत्र वाचायला लावती. सुरुवात नको म्हणती. होड्या फिरल्या तिथून वाच. पुढची फिरली, मग मागच्या आल्या, कोळी आले. वाचून झालं की विचारती, कुनीच पुढं गेलं न्हाई व्हय? मी म्हणतो, न्हाई आई, कुनीच न्हाई. मग ती उठून चुलीकडं जाती.

घर तुझं आहे, लवकर ये.

कारभारी