पायापुढची कुंडी

अण्णा, तुमच्या स्टुडिओतले फोटो मी परवा हजरतगंजात एका प्रदर्शनात पाहिले. तुम्ही गेल्यावर चारबागचं दुकान रिकामं करताना काचेच्या निगेटिव्हची खोकी भंगारवाल्यानं नेली होती. ती फिरत फिरत एका चित्रकार मुलीच्या हाती लागली. तिनं त्यांचे दाराएवढे मोठे फोटो केले आणि जिथं जिथं तुम्ही दोन फोटो जोडले होते तिथं कागदावरच सुईनं लाल दोऱ्याचे टाके घातले. दाराशी मिळालेल्या पत्रकात ‘उत्तर-आधुनिक’ असा शब्द होता. आमचे हे गेल्यापासून मी लायब्ररीतून हाती येईल ते वाचते, त्यामुळे शब्दाला घाबरले नाही. मला समजलं ते असं, की पूर्वी फोटो म्हणजे पुरावा होता. आता तोच जुना फोटो कापून, शिवून, हा पुरावा कुणी आणि कशासाठी तयार केला असं विचारतात. जोड लपवत नाहीत, दाखवतात. तुमचं तर सगळं आयुष्य जोड लपवण्यात गेलं.

मला तुम्ही काळ्या कापडाखाली वाकलेले दिसता. छावणीतले सातारचे, कोल्हापूरचे जवान आघाडीवर जाणारी गाडी पकडण्याआधी तुमच्याकडे येतात, कारण तुम्ही त्यांच्याशी घरच्यासारखं मराठीत बोलता. काही महिन्यांनी त्यांच्यातल्या एखाद्याची बायको मुलांना घेऊन येते, पदरातून लहानसा फोटो काढते आणि म्हणते, ह्यांना आमच्यात उभं करा. तुम्ही कुटुंबाचा फोटो काढता, एक जागा मोकळी ठेवून. मग पात्यानं तो माणूस कापता, त्या जागी चिकटवता, पुन्हा फोटो घेता आणि बारीक पेन्सिलीनं कडा पुसत बसता. चेहरा जमायचा, खांदे जमायचे, पण पाय जमिनीवर टेकल्यासारखे कधी दिसायचे नाहीत. म्हणून त्या मोकळ्या जागेपुढे क्रोटनची कुंडी. ती सरकवायचं काम माझं असे. गेलेल्याच्या पायापुढे कुंडी, हे आपल्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

ती चित्रकार मुलगी हसत म्हणाली, “आंटी, हर तस्वीर में एक आदमी मरा हुआ है. पकड़िए, कौन?”

“गमलेवाला,” मी म्हटलं. कुंडीमागचा.

ती टाळी वाजवून म्हणाली, “अरे वाह! आपने तो धागा देखा ही नहीं!”

भिंतीवर ओळीनं कुंड्याच कुंड्या होत्या आणि मला घरी पलंगाच्या वर भिंतीला लावलेला फोटो आठवला. आई मागे उभी, मी पुढे, तिचा हात माझ्या डाव्या खांद्यावर. आईची माझ्याजवळ एवढी एकच आठवण आहे. हाताचं वजन, आणि काचेच्या बांगड्या मानेला गार लागलेल्या. त्या फोटोत आईच्या पायापुढे कुंडी आहे. जन्मभर समोर होती, पण आपल्या घरातली म्हणून मला ती नुसती कुंडीच वाटत आली.

रिक्षा करून महानगर मोहल्ल्यात घरी आले. आत्या गच्चीत उन्हात मटार सोलत बसली होती. मी भिंतीवरचा फोटो काढून तिच्या पुढ्यात ठेवला.

“आत्या, ही आईच ना?”

“तोंड तिचं.” तिचं सोलणं थांबलं नाही.

“म्हणजे?”

“अंग माझं. वहिनी गेली आणि तू जेवेनास. दादा म्हणाला, तिचं लुगडं नेस, बांगड्या घाल, पोरीच्या मागं उभी राहा. जोडवी मात्र माझ्या बोटांत जाईनात. बिनलग्नाचे पाय फोटोत कसे दाखवायचे? ठेवली कुंडी.”

“आणि इतकी वर्षं बोलली नाहीस?”

“दादानं शपथ घातलेली. वर मलाच दटावतो, हात असा हलका काय ठेवतेस, जड ठेव, तिला कळलं पाहिजे!” मग तिनं माझ्याकडे पाहिलं. “काय गं, जड लागला होता ना?”

लागला होता, अण्णा. अजून लागतो. भाजी निवडताना, नळाखाली बादली लावताना तो हात खांद्यावर येतो आणि आता त्याला चेहराच नसतो. आत्याचा म्हणावा तर मन घेत नाही. आईचा म्हणावा तर ती तेव्हा नव्हतीच.

नेमक्या याच दिवसांत मुलानं विषय काढला. आमच्या घराजवळच्या कपूरथळा चौकातल्या बाजारात एक जण कंप्यूटरवर फोटो जोडून देतो. “आई, बाबा को गुड़िया के पीछे खड़ा कर देंगे. पता भी नहीं चलेगा.” गुडिया माझी नात, तीन वर्षांची. हे गेले तेव्हा ती जन्मली नव्हती. पता भी नहीं चलेगा, हेच मला नको होतं. कधी न मिळालेला हात तिच्या खांद्यावर ठेवायचा का, आणि ठेवला तर माझ्यासारखं तिनंही पुढे पोरकं व्हायचं का, याचा मी आठवडाभर विचार केला. मग मुलाला म्हटलं, चेहरा ह्यांचा लावू दे, पण हात खरा पाहिजे. ह्यांचा करडा कोट तू घाल आणि तिच्या मागं उभा राहा. गच्चीतली कुंडी मी रिक्षातून नेली. दुकानदार म्हणाला, “माताजी, गमला हटाइए, पैर हम बना देंगे.” मी म्हटलं, “रहने दीजिए भैया.” मोठी झाली की कुंडी कशाला म्हणून विचारेल, तेव्हा मी नसले तर तिचा बाप सांगेल. जोड लपवणारी तुमची पेन्सिलही त्या एका कुंडीत आली आणि जोड दाखवणारा त्या चित्रकार मुलीचा लाल दोराही.

हे पत्र पाठवायचं म्हटलं तरी तुमच्या पत्त्यावर आता सुटकेसचं दुकान आहे. म्हणून एक गोष्ट लिहून टाकते. फोटो काढण्याआधी दुकानात मुलगा पाठमोरा होऊन आरशात ह्यांच्या कोटाची कॉलर नीट करत होता. माझ्या तोंडून “अहो” निघून गेलं. मोठ्यानं. मुलगा वळला नाही, खाली बघत बटणं लावत राहिला. गुडियानं विचारलं, “आजी, किसको बुलाया?”

कुणाला नाही, असं मी तिला सांगितलं.