तुझ्या नावाचं ‘हजर’

रविवार, ९ एप्रिल

चि. लिंबू हिस,

ताईचे अनेक आशीर्वाद. आम्ही दोघंही धडधाकट आहोत, हे आधी वाच आणि मग पुढचं. बातम्यांत इकडची पडझड तू पाहिली असशील आणि फोन लावून लावून थकली असशील. खांब आडवे झालेत, फोन कधी सुरू होतील कोण जाणे. पोस्टमन मात्र काल सायकल हातात धरून, पडलेल्या फांद्या ओलांडत आला. त्याच्याकडेच हे पत्र देईन.

तू पाठवलेला स्वेटर वादळाच्या आदल्याच दिवशी मिळाला. छान आहे, पण त्यात मी आणि शेजारचे शिंपीकाका दोघं आरामात मावू. मी अजून तुला तेवढीच लठ्ठ आठवते वाटतं. ऊब आहे, तेव्हा तक्रार नाही.

वावटळ गुरुवारी दुपारी आली. भोंगा वाजला तेव्हा माझे हात साबणात होते. बाबा एरवी खुर्चीतून उठायला दोनदा दम घेतात, पण भोंगा ऐकला आणि चौऱ्याऐंशीचा माणूस ताडकन उभा राहिला. बूट घाल, बॅटरी घे, गादी ओढ. तेच हुकूम, त्याच क्रमानं. खिडक्या तेवढ्या आता उघडत नाही. पूर्वी भोंगा झाला की बाबा आपल्याला घरभर पळवायचे, खिडक्या उघडल्या की छप्पर टिकतं म्हणून. आता रेडिओवाले सांगतात, खिडक्यांच्या वाऱ्यालाही उभे राहू नका. म्हणजे आपली ती सगळी धावपळ पाण्यात गेली म्हणायची.

जिन्याखालची खोली तशीच आहे. बाबांनी लाकडाच्या वखारीतल्या जाड फळ्यांचं केलेलं टेबलही. त्याखाली शिरून बॅटरी वर धरली, तर फळीच्या खालच्या बाजूला तू पेन्सिलीनं काढलेलं मांजर दिसलं. त्याला पाच पाय आहेत. तेव्हा मी हसले होते आणि तू म्हणाली होतीस की पाचवा पाय नाही, ती शेपूट आहे. किती लहान होतो गं आपण, आणि त्या खोलीत आई शेंगदाणे वाटायची, जणू सहलीलाच आलोय.

आणि हजेरी. वखारीत करवत सुरू करण्याआधी बाबा एकेकाचं नाव घ्यायचे. प्रत्येकानं स्वतःच्या तोंडानं ‘हजर’ म्हटल्याशिवाय ते बटण दाबत नसत. दुसऱ्यासाठी कोणी बोलायचं नाही, हा तिथला एकच कायदा. तोच त्यांनी घरी आणला. दाराच्या कडीवर हात ठेवून विचारायचे: आई? मुकादम? लिंबू? मी सगळ्यांवर देखरेख करायचे म्हणून मुकादम, आणि तू खेळात कायम लिंबूटिंबू म्हणून लिंबू. सगळे हजर झाले की कडी.

आता जे चौतीस वर्षं लिहिलं नाही ते लिहिते. मध्येच पत्र फाडू नकोस.

तेव्हाच्या त्या वावटळीच्या दिवशी तुझा एक बूट सापडत नव्हता. अनवाणी यायचं नाही, असा बाबांचा नियम, म्हणून तू परत वर गेलीस. नंतर मला जिन्यावर पावलं ऐकू आली. वाटलं, आलीच ही. बाबांनी तुझं नाव घेतलं. उशिराबद्दल तुला बोलणी बसू नयेत म्हणून मी तुझ्यासारखा बारीक आवाज काढून म्हटलं, “हजर.” बाबांनी कडी लावली.

तू दार बडवलंस ते मी ऐकलं, लिंबू. दार बाहेर उघडणारं, आणि बाहेरून वारा. बाबांनी खांदा लावला, आईनं लावला, ते हललं नाही. तू न्हाणीघरात शिरलीस म्हणून वाचलीस, पण तिथल्या काचेनं तुझी दोन बोटं कायमची आखडली. आणि तू मनात धरलंस की बाबांनी तुझ्या तोंडावर दार लावलं. एकोणिसाव्या वर्षी घर सोडताना तू त्यांना तसं तोंडावर म्हणालीस. मी शेजारीच उभी होते. आई गेली तेव्हाही तू आलीस, त्यांच्याशी अक्षर न बोलता संध्याकाळी परतलीस, आणि मी तुला डबा बांधून दिला.

गुरुवारी बाबा कडीवर हात ठेवून उभे राहिले. मी हजर म्हटलं. मग त्यांनी तुझं नाव घेतलं आणि थांबले. वरच्या मजल्यावर काचा फुटायला लागल्या होत्या. मी म्हटलं, ती लांब आहे, सुखरूप आहे, दार लावा. त्यांनी नुसती मान हलवली. मी त्यांचा हात ओढला, तो निघेना. शेवटी माझ्या तोंडून निघून गेलं, “बाबा, तेव्हा तिच्याऐवजी मी बोलले होते.”

त्यांनी शांतपणे दार लावलं आणि म्हणाले, “ठाऊक आहे.”

टेबलाखाली डोक्यावर गादी घेऊन आम्ही बसलो. घर वरून सोलून निघत होतं आणि ते सांगत होते. वखारीतल्या बारा माणसांचे आवाज त्यांना पाठ होते, तर घरातल्या दोन पोरींचे कळणार नाहीत का? पण कळलं ते कडी पडल्यावर, एका श्वासाच्या उशिरानं. मी विचारलं, मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?

“तू पंधराची, ती अकराची. तुम्ही दोघींनी एकमेकींना टाकलं असतं. तिनं मला टाकलं, ते चाललं.”

मी ओक्साबोक्शी रडले. ते माझ्या पाठीवर थोपटत राहिले, चूक त्यांचीच असल्यासारखे.

वरचा मजला गेला. खालचं बरंच शाबूत आहे, सुतार बघून गेला. पण जिन्याखालच्या दाराला बाबांनी त्याला हात लावू दिला नाही. काल दिवसभर बसून त्यांनी ते आत उघडेल असं फिरवलं आणि दोन्ही बाजूंनी निघेल अशी कडी बसवली. ती इतकी खाली आहे की मला वाकावं लागतं. मी म्हटलं, बाबा, लिंबू आता पंचेचाळीसची आहे. ते म्हणाले, असू दे.

राग माझा कर, तो माझ्याच वाटणीचा आहे. मला पत्र नाही लिहिलंस तरी मी समजून घेईन. पण त्यांना एक ओळ टाक, नाहीतर येच. ते अजून उत्तराची वाट बघताहेत, आणि या वेळी मी तुझ्यासाठी बोलणार नाही.

तुझा आवाज चोरणारी,
ताई