एकाच रंगाची टोपणं

ताई,

आपल्या वॉर्डात आज पुन्हा तेच घडलं. तुझ्या जागी आलेल्या नर्सने तुझ्यासारखंच चुकीचं इंजेक्शन दिलं. पेशंट वाचला, तुझाही वाचला होता. चौकशीला या वेळी मीही होते. मोठे डॉक्टर म्हणाले, "हीसुद्धा निष्काळजी. काढून टाका."

माझं डोकंच फिरलं. द्यायच्या औषधाची आणि चुकून दिलेल्या औषधाची, अशा दोन्ही बाटल्या मी त्यांच्यासमोर ठेवल्या. आकार सारखा, टोपणं निळी, ठेवायचा ट्रेही एकच. म्हटलं, "पेशंट ओरडतोय असं समजा आणि पटकन वेदनेचं औषध उचला."

त्यांनी नेमकी दुसरी उचलली.

लगेच हुकूम सुटला, बाटल्या वेगवेगळ्या कपाटांत ठेवा. त्या मुलीची नोकरी वाचली.

"आणि माझ्या बहिणीचं काय?"

"जुनं कशाला उकरून काढता? सुधारणा झाली ना आता!"

सुधारणा कपाटाची झाली गं! तुझ्या नावापुढचं 'निष्काळजी' तसंच आहे. मी अहवालावर सही केली नाही, करणारही नाही. मलाही घरी बसवतील कदाचित.

तू मात्र हे वाचून "जाऊ दे" म्हणशील. ते ऐकायची आज माझी तयारी नाही, म्हणून पत्र पाठवत नाही.

तुझीच,
भांडखोर धाकटी